विलिंग्डन क्लबचं फाटक

नाशिकला आमच्या घरात ‘गोल्फ क्लबवर जाऊन येतो’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येई. वडील पहाटे तिथे फिरायला जात, आम्ही मुलं शाळा सुटली की क्रिकेट खेळायला. जाहीर सभा तिथे, प्रदर्शनं तिथे, रणजी सामना असला तर तोही तिथेच. फक्त गोल्फ खेळताना मात्र कुणी कधी दिसला नाही. एखाद्या आळीला किंवा पाराला नाव असावं तसं आम्ही ते नाव घेत होतो. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे ते अनंत कान्हेरे. साहेबाच्या खेळाच्या जागेला साहेबाला मारणाऱ्या मुलाचं नाव मिळालं होतं, आणि तरीही गाव तिला साहेबाच्याच खेळाच्या नावानं हाक मारत होतं. लहानपणी यात काही विसंगत वाटलं नाही. नंतर वाटू लागलं.

इंग्रज अमलात नाशिकला रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब अशा भारदस्त नावाची एक संस्था होती. ती गेली, खेळ गेला, लोकांच्या तोंडी तेवढं नाव राहिलं. पुढे मी नोकरीसाठी मुंबईला आलो. रोजची बस महालक्ष्मीवरून हाजी अलीकडे जाई. डाव्या हाताला एक लांबलचक भिंत, भिंतीमागे दाट झाडं आणि झाडांच्या फटीतून मधूनच दिसणारी, या शहरात खरी वाटू नये अशी हिरवळ. हा विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब. नाशिकच्या अगदी उलट प्रकार. इथे गोल्फ टिकला होता, नाव टिकलं होतं, भिंतही टिकली होती. नव्हता तो फक्त आमच्यासारख्यांना आत जायचा रस्ता.

या क्लबविषयी जे थोडंफार छापून येतं त्यात एक वाक्य हमखास असतं : वर्णभेद न मानता युरोपियन आणि भारतीय दोघांनाही सभासद करून घेणारा मुंबईतला हा पहिला मोठा क्रीडा-क्लब. वाक्य खोटं नाही. पण १९१७-१८ च्या मुंबईत ‘भारतीय’ या शब्दात कोण कोण मावत होतं, हे पाहायला लागलो आणि क्लबाची गोष्ट हळूहळू टाउन हॉलपर्यंत, गोखल्यांपर्यंत आणि टिळकांपर्यंत जाऊन पोचली. ती त्या वाटेनंच सांगतो.

आधी जमिनीविषयी. गोल्फ हा जमीन खाणारा खेळ आहे. क्रिकेटचं मैदान चार-पाच एकरांत बसतं, टेनिस कोर्टाला परसदारही पुरतं. पूर्ण लांबीच्या अठरा होलच्या गोल्फ कोर्सला मात्र शंभर-सव्वाशे एकर सहज लागतात, आणि एवढ्या जागेवर एका वेळी खेळणारी माणसं असतात मूठभर. म्हणून ज्याच्या हातात जमीन त्याच्याच हातात हा खेळ, असं जगभर होत आलं. ब्रिटिश बेटांच्या बाहेर निघालेला पहिला गोल्फ क्लब १८२९ मधला कलकत्त्याचा. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. इंग्लंडच्या मोठ्या भागात गोल्फ फारसा कुणाला माहीत नव्हता तेव्हा आपल्याकडे तो खेळला जात होता, याचं कारण इथे आलेले स्कॉटिश लोक आणि इथली फुकट किंवा जवळपास फुकट मिळणारी जागा.

मुंबई बेटावर तशी जागा कुठे होती? विलिंग्डन क्लब जिथे आहे तो भाग एके काळी भरतीच्या पाण्याखाली जाई. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडीतून समुद्र आत शिरायचा आणि पार भायखळ्यापर्यंतचा सखल भाग बुडवायचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत तिथे बांध घातला गेला, तो हॉर्नबी व्हेलार्ड. हा बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थांना स्वप्नात देवीनं दृष्टान्त दिला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची कथा आहे. जुन्या मुंबईकरांना ती पाठ असते. बांधामागची जमीन पुढे शंभर वर्षं चिखलाची आणि दुर्गंधीचीच राहिली. तिच्यावर शहराचा कचरा टाकून भराव केला गेला. एका भागावर १८८० च्या दशकात रेसकोर्स झाला, पलीकडे रेल्वेरुळांजवळ धोबीघाट झाला, सभोवार गिरण्यांची धुराडी उभी राहिली. अशा या रेसकोर्सच्या शेजारच्या जागेवर, क्लार्क रोडला लागून, नवा क्लब आला. देवीनं दिलेल्या आणि कचऱ्यानं भरलेल्या जमिनीवर, असं म्हणायला हरकत नाही.

आता माणसांविषयी. मुंबईत तेव्हा साहेबांचे क्लब तीन : १८३३ चा भायखळा क्लब, १८४६ चा यॉट क्लब आणि १८७५ चं बॉम्बे जिमखाना. तिन्ही ठिकाणी भारतीय माणूस आत जाई तो ताट घेऊन किंवा पंखा ओढायला. भारतीयांनी याला दिलेलं उत्तर मरीन लाइन्सला रांगेनं उभं आहे : पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. साहेबानं चामडीवरून माणसं वेगळी केली, आम्ही आमची आम्हीच धर्मावरून केली. सरकारनं त्यासाठी भूखंड दिले, आणि मग वर्षानुवर्षं त्या धर्मांचे संघ एकमेकांशी क्रिकेट खेळले. १९३३ साली भारतातला पहिला कसोटी सामना झाला तो बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. त्या जिमखान्याचं सभासदत्व मात्र तेव्हाही भारतीयांना नव्हतं.

अशा शहरात एका गव्हर्नरानं दोघांसाठी क्लब काढावा, याचं नवल वाटणारच. त्यामागे एक गोष्ट सांगतात. विलिंग्डननं एका संस्थानिकाला यॉट क्लबात जेवायला नेलं आणि क्लबानं पाहुण्याला आत घ्यायला नकार दिला, त्या रागातून हा क्लब निघाला. कुणी सांगतं संस्थानिक एक होता, कुणी सांगतं अनेक. कुणी यॉट क्लबऐवजी भायखळा क्लबाचं नाव घेतं.

ही गोष्ट मी बरेच दिवस खरी धरून चाललो होतो. मग कलकत्ता क्लबाविषयी वाचलं. तो निघाला १९०७ मध्ये. का निघाला? तर व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोनं राजेंद्रनाथ मुखर्जींना बेंगॉल क्लबात जेवायला बोलावलं आणि क्लबानं त्यांना आत घेतलं नाही म्हणून. आणि ताजमहाल हॉटेल? जमशेटजी टाटांना वॉटसनच्या हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून. तिन्ही गोष्टींचा साचा एकच : दारावर अपमान, मग अपमानितासाठी अधिक मोठं दार. ताजच्या कथेबद्दल अभ्यासकांनी शंका घेतलेल्या आहेतच. विलिंग्डनच्या गोष्टीत तथ्य नसेल असं मी म्हणत नाही. साहेबांचे क्लब भारतीयांना आत घेत नव्हते ही गोष्ट दंतकथा नाही, आणि एखाद्या गव्हर्नराला ते अडचणीचं वाटलं असेल हेही शक्य आहे. पण एवढ्या सोयीच्या गोष्टीकडे जरा सावधपणे पाहावं. या तिन्ही कथांमध्ये अपमान झालेला माणूस राजा, सर किंवा शेठ आहे. दारातून परत पाठवलेल्या कारकुनाची अशी कथा कुणी सांगितलेली नाही, कारण कारकून त्या दाराशी जातच नव्हता.

खुद्द विलिंग्डन कोण होता? मूळ नाव फ्रीमन फ्रीमन-थॉमस. केंब्रिज आणि ससेक्सकडून क्रिकेट खेळलेला, राजा पाचव्या जॉर्जचा टेनिसमधला जोडीदार, लिबरल पक्षाचा खासदार. १९१३ ते १९१८ तो मुंबईचा गव्हर्नर होता. खेळाडू होता, गोडबोल्या होता, माणसांत मिसळणारा होता. जानेवारी १९१५ मध्ये गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतले तेव्हा यानं त्यांना भेटीला बोलावलं आणि सरकारविरुद्ध काही पाऊल उचलायचं झालं तर आधी मला येऊन भेटत जा, अशी विनंती केली. गांधींनी ती मान्यही केली.

पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं त्याचं नातं आहे ते गोखल्यांशी. १९१५ च्या सुरुवातीला विलिंग्डननं गोखल्यांना विचारलं, युद्धानंतर हिंदुस्थानला कोणत्या सुधारणा दिल्या तर तुमच्या लोकांचं समाधान होईल? गोखले तेव्हा मरणाच्या दारात होते. त्यांनी पेन्सिलीनं एक मसुदा लिहिला. १९ फेब्रुवारीला ते गेले. हा मसुदा फिरोजशहा मेहता, आगाखान आणि विलिंग्डन यांच्यापुरताच होता. आगाखानांनी तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा ‘गोखल्यांचं राजकीय मृत्युपत्र’ म्हणून गाजला. हा कागद आणि क्लब एकाच वेळच्या विचारातून आले आहेत असं मला वाटतं. समंजस, इंग्रजी बोलणाऱ्या, मालमत्ता असलेल्या भारतीयाला जवळ घ्यायचं, त्याला मान द्यायचा, त्याच्याबरोबर चहा प्यायचा, म्हणजे तो पलीकडच्यांकडे जाणार नाही.

पलीकडचे कोण, ते सांगायला नको. मंडालेहून १९१४ साली सुटलेले टिळक १९१६ मध्ये होमरूल लीग काढून गावोगाव बोलत होते. विलिंग्डनच्या सरकारनं त्यांच्यावर अहमदनगर आणि बेळगावच्या भाषणांबद्दल कारवाई केली, वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात टिळकांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर जिना, आणि तो हुकूम रद्द झाला. अ‍ॅनी बेझंटना मुंबई इलाख्यात यायला बंदी घातली तीही याच सरकारनं. म्हणजे एकीकडे भारतीयांसाठी क्लबाची आखणी आणि दुसरीकडे भारतीयांच्या सभांवर पहारा. यात विसंगती आहे असं मला सुरुवातीला वाटलं. आता वाटत नाही. दोन्ही एकाच धोरणाचे हात होते. एका हातानं बोलावायचं, दुसऱ्या हातानं थोपवायचं, आणि कुणाला कोणता हात दाखवायचा हे गव्हर्नरानं ठरवायचं.

हे सर्वांत उघड झालं ते १० जून १९१८ रोजी. युद्धाला सैनिक आणि पैसा हवा होता. त्यासाठी टाउन हॉलमध्ये प्रांतिक युद्धपरिषद भरवली होती. विलिंग्डननं प्रास्ताविकातच होमरूलवाल्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेतली. ज्यांना बोलावलं त्यांनाच पाहुणचाराच्या आरंभी टोमणा. टिळक बोलायला उठले. राजनिष्ठा व्यक्त करून त्यांनी स्वराज्य आणि स्वसंरक्षण यांची फारकत करता येत नाही असं म्हणायला सुरुवात केली, तोच गव्हर्नरानं त्यांना थांबवलं : इथे राजकीय चर्चा चालणार नाही. टिळक व्यासपीठावरून उतरले आणि सभागृहाबाहेर पडले. न. चिं. केळकर त्यांच्या पाठोपाठ निघाले. जिना बसून राहिले आणि आपल्या पाळीला त्यांनी गव्हर्नराच्या शब्दांबद्दल नापसंती नोंदवली. सहा दिवसांनी, १६ जूनला, मुंबईत निषेधाची सभा झाली, तिचे अध्यक्ष होते गांधी.

याच तारखेची आणखी एक नोंद मला सापडली तेव्हा मी थबकलो. १० जून १९१८ लाच मुंबईत सात पोलीस शिपाई तापानं रुग्णालयात दाखल झाले. गोदीवरच्या पहाऱ्यातला एक जण त्यांत होता. मुंबईतल्या इन्फ्लुएन्झाची सुरुवात म्हणून ही नोंद सांगतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली आणि चाळींतून माणसं पटापट मेली. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले, महागाईनं जगणं अशक्य झालं होतं म्हणून. हे सगळं क्लबाच्या फाटकापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडत होतं. एका खोलीत दहा-बारा माणसं झोपत होती त्या गिरणगावाच्या कुशीत एक हिरवीगार, मोकळी, जवळजवळ निर्मनुष्य जागा नव्यानं राखली जात होती. तिच्यामुळे चाळी कोंदट झाल्या असं म्हणणं अन्यायाचं होईल. चाळी आधीपासूनच कोंदट होत्या. पण १९२० मध्ये सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभारलं आणि कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधायला घेतल्या, तेव्हा वरळीत आणि नायगावात माणसांना दिलेली जागा आणि इथे चेंडूला दिलेली जागा यांचं प्रमाण मनात आल्यावाचून राहत नाही.

डिसेंबर १९१८ मध्ये विलिंग्डन जायला निघाला. शहरातल्या बड्या लोकांनी त्याच्या कारकिर्दीचा गौरव करायला आणि त्याचं स्मारक उभारायला ११ डिसेंबरला टाउन हॉलमध्ये जाहीर सभा बोलावली. हे बडे लोक आणि नव्या क्लबाच्या हिरवळीवर संध्याकाळी बसणारे बडे लोक हा साधारण एकच वर्ग होता. सभा मुंबईच्या नागरिकांच्या नावानं बोलावलेली, म्हणून जिना आणि त्यांचे शेकडो सहकारी सकाळपासूनच दारात आणि मग आत येऊन बसले. पत्नी रत्ती त्यांच्यासोबत होत्या. सभेत गोंधळ झाला, पोलिसांनी हॉल मोकळा केला, जिनांनाही धक्के बसले. बाहेर रस्त्यावर त्यांनी जमावापुढे भाषण केलं. नंतर लोकांनी एकेक रुपया वर्गणी काढून लॅमिंग्टन रोडजवळ काँग्रेस हाउसच्या आवारात एक सभागृह बांधलं, पीपल्स जिना हॉल. ‘पी. जे. हॉल’ ही आद्याक्षरं अजून वापरात आहेत, त्यांची फोड मात्र कुणी करत नाही, आणि का करत नाही ते उघड आहे. गव्हर्नराच्या नावाचा क्लब आणि गव्हर्नराला विरोध केल्याबद्दल लोकांनी बांधलेला हॉल, या दोन वास्तू एकमेकींपासून टॅक्सीनं दहा मिनिटांवर आहेत.

इथे आपल्याकडेही थोडं पाहायला हवं, नाहीतर सगळा दोष साहेबावर टाकून मोकळं होणं फार सोपं आहे. पळवणकर बाळू हे नाव क्रिकेटच्या जाणकारांना नवं नाही. चर्मकार कुटुंबातला हा मुलगा पुण्याच्या साहेबांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळायचं काम करी. कॅप्टन ग्रेगला सरावासाठी तो तासन्‌तास गोलंदाजी करायचा. फलंदाजी मात्र साहेबांनी त्याला कधी करू दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघानं बाळूंना घेतलं, त्यांच्या जोरावर सामने जिंकले, आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला. मग विलिंग्डन क्लबात राजे आणि साहेब एका टेबलाशी बसले, हे पुढचं पाऊल नव्हतं का? होतं. मी ते नाकारत नाही. १९१८ च्या हिंदुस्थानात गोऱ्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बरोबरीनं, सभासद म्हणून बसणं ही लहान गोष्ट नव्हती. फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टु इंडिया’ १९२४ ची, ऑर्वेलची ‘बर्मीज डेज’ १९३४ ची. दोन्ही कादंबऱ्यांत नेटिव्हाला क्लबात घ्यायचं की नाही यावर साहेबांची झोप उडालेली आहे. मुंबईत हा प्रश्न एका तरी फाटकापुरता त्याआधीच सुटला होता.

सुटला म्हणजे काय, त्याची जागा बदलली. वर्णाची अट गेली तेव्हा वर्गणीची आणि ओळखीची अट राहिली. दोन सभासदांनी नाव सुचवायचं, बाकीच्यांनी पसंत करायचं, ही जगभरच्या क्लबांची रीत. तिच्यात पाटी लावावी लागत नाही.

विलिंग्डन मुंबईहून मद्रासला गेला, मग कॅनडात गव्हर्नर जनरल झाला आणि १९३१ मध्ये व्हाइसरॉय होऊन परत आला. २८ डिसेंबर १९३१ ला गांधी गोलमेज परिषदेहून मुंबईत उतरले. त्यांनी भेट मागितली, विलिंग्डननं नाकारली. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गांधींना मणिभवनातून पकडून नेण्यात आलं. मणिभवन गावदेवीत आहे, क्लबापासून फारतर दोन मैलांवर. काही करण्याआधी मला भेटत जा, असं याच माणसानं याच माणसाला याच शहरात सतरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

क्लबाच्या पुढच्या वाटचालीविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण सुखवस्तू घराचा इतिहास लांबलचक नसतो. गोल्फ, टेनिस, स्क्वॉश, पोहणं, पत्ते, जेवणं. १९२७ साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला, तेव्हा तो शहराच्या पार बाहेर होता. आज शहर त्याच्याही पुढे गेलं आहे. १९४७ नंतर साहेब गेले, आणि विलिंग्डनला फारसं काही बदलावं लागलं नाही. भारतीय सभासद आधीपासून होतेच, ते खुर्च्यांवर थोडे सैलावून बसले असतील एवढंच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नव्या सभासदांसाठी दार बंद आहे, सभासदाच्या मुलाबाळांना तेवढी वाट आहे. वर्णाच्या जागी वर्गणी आली होती, आता वर्गणीच्या जागी जन्म आला.

एकदा मात्र मी आत गेलो, एका स्नेह्याचा पाहुणा म्हणून. तिथली एक डिश प्रसिद्ध आहे : टोस्टवर वितळलेलं चीज, हिरव्या मिरच्या आणि वर तळलेली अंडी. नाव एग्ज केजरीवाल. केजरीवाल नावाचे एक मारवाडी सभासद होते, घर कडक शाकाहारी, म्हणून ते अंडी क्लबात येऊन खात, असं सांगतात. मला ही गोष्ट संस्थानिकाच्या अपमानाच्या गोष्टीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते आणि क्लबाविषयी अधिक काही सांगणारीही. साहेबाच्या क्लबात साहेबाला आपल्या गावची सवय मोडावी लागू नये अशी सोय होती. इथे आपल्या माणसाला घरची सवय मोडायची सोय होती. भिंत बाहेरच्यांना अडवते, तशी आतल्यांना घरच्यांपासून लपवतेही. डिश चांगली होती. मिरची आपल्याकडच्यासारखी, कंजुषी न करता.

व्हरांड्यातून कोर्स दिसत होता. उन्हात चौघं खेळाडू चालत होते आणि त्यांच्या मागे पिशव्या घेतलेले कॅडी. गोल्फमध्ये कॅडी नुसता हमाल नसतो. अंतर किती, वारा कुठला, ग्रीनचा उतार कुणीकडे, कोणती काठी घ्यावी, हे तो सांगतो. अनेकदा त्याला खेळ सभासदापेक्षा जास्त कळतो. बाळू पळवणकरांची आठवण मला तिथेच झाली. त्यांच्यात आणि कॅडीत एक फरक आहे, आणि तो क्लबांच्या एका जुन्या सवलतीमुळे पडला : आपल्याकडच्या अनेक क्लबांत सोमवारी कोर्स सभासदांना बंद असतो, तेव्हा कॅडींना खेळू देतात. त्या सोमवारांतून भारतीय गोल्फचे कितीतरी व्यावसायिक खेळाडू आले. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबातला कॅडी. त्याच्याआधी १९६५ साली ही स्पर्धा एका भारतीयानं जिंकली होती, बिल्लू सेठी यांनी, पण ते हौशी खेळाडू होते. आधी सभासदांमधला जिंकला, मग पिशवी उचलणाऱ्यांमधला. मध्ये सव्वीस वर्षं गेली.

बाहेर पडताना रस्त्यांची नावं मनात आली. क्लार्क रोड आता केशवराव खाड्ये मार्ग आहे. हॉर्नबी व्हेलार्ड लाला लजपतराय मार्ग झाला. गव्हर्नर एकामागून एक पाट्यांवरून उतरले. ज्यानं टिळकांना बोलू दिलं नाही त्याचं नाव मात्र क्लबावर तसंच आहे, आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयावरही. ते तर १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं काढलेलं. टिळकांनी स्थापनेत भाग घेतलेली आणि मग भांडून सोडलेली ती संस्था. सांगलीच्या मित्रांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, आम्ही ‘विलिंग्डन’ म्हणतो तेव्हा आम्हांला कॉलेजच आठवतं, गव्हर्नर कुणाला आठवतो?

गेल्या महिन्यात नाशिकला गेलो होतो. स्टेशनवर रिक्षावाल्याला मुद्दाम म्हटलं, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे गोल्फ क्लब ना, काका? बसा.” मैदानात तेव्हा अंधार पडत होता. चालणाऱ्यांची गर्दी होती, मुलं शेवटची ओव्हर संपवत होती, कडेला कुणीतरी भेळेची गाडी लावली होती.